लॅपटॉप नाही, लडाखला निघालोय. फोटोंचं काय करायचं?

पत्र: "मी मुलुंडची, गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. सप्टेंबरात आम्ही दोघं बारा दिवसांसाठी लडाखला चाललोय. मुलाने दिलेला सोनीचा मिररलेस कॅमेरा आहे, २४ मेगापिक्सेलचा, कार्डाची खाच एकच. रॉ आणि जेपेग दोन्ही काढते, दिवसाला तीनेकशे फोटो सहज होतात, थोडे फोरके व्हिडिओही. १२८ जीबीचं एक कार्ड आहे. माझा फोन अँड्रॉइड, सी पिनचा, त्यात जागा जेमतेम ३० जीबी. यांचा आयफोन १३. लॅपटॉप आमच्याकडे नाही. मागच्या दिवाळीत हंपीहून आलो तर कार्ड उघडेचना. एका दुकानात दाखवलं, ते म्हणाले फॉरमॅट करावं लागेल. मी नको म्हटलं आणि कार्ड कपाटात ठेवून दिलं. चार दिवसांचे फोटो होते त्यात. या वेळी तसं व्हायला नको. सगळे म्हणतात क्लाउडवर टाका. तेवढं पुरेल का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: लडाखमध्ये नाही पुरणार. हिशेब करून बघा. तुमच्या कॅमेऱ्याचा एक रॉ (कॅमेऱ्याची मूळ कच्ची फाइल) आणि एक जेपेग (नेहमीची छोटी फाइल) मिळून साधारण ३५ एमबी होतात. दिवसाला ३०० फोटो म्हणजे साडेदहा जीबी. फोरके व्हिडिओ मिनिटाला सुमारे ७५० एमबी खातो, पाच मिनिटं काढलात तर आणखी पावणेचार जीबी. म्हणजे रोजचे चौदा आणि बारा दिवसांचे १७० जीबी. हॉटेलच्या वायफायवर ५ एमबीपीएस अपलोड मिळालं, आणि तेही अखंड मिळालं, तरी १७० जीबी चढायला ७५ तास लागतील. शिवाय गूगलची फुकट जागा १५ जीबी, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालतच नाही, पोस्टपेड लागतं. दोघांपैकी एकाचं तरी पोस्टपेड असू द्या, फोटोंसाठी नाही तर घरी खुशाली कळवण्यासाठी. पँगाँग सरोवराच्या काठावर नेटवर्क असेलच असं धरून चालू नका.

तेव्हा क्लाउड बाजूला ठेवू. तुम्हाला पाळायचंय ते एवढंच: रोज रात्री झोपण्याआधी त्या दिवसाचा प्रत्येक फोटो दोन वेगळ्या वस्तूंवर असला पाहिजे, आणि त्या दोन वस्तू दोन वेगळ्या पिशव्यांत. पहिली वस्तू म्हणजे कॅमेऱ्याचं कार्ड. मुलुंडला परत येईपर्यंत ते पुसायचं नाही. बहुतेकांची चूक नेमकी इथे होते. फोटो डिस्कवर घेतले, कार्ड मोकळं केलं आणि पुन्हा वापरलं, असं केलं की डिस्कवरची ती प्रत एकटी उरते. मग बॅकअप घेतला काय आणि न घेतला काय, सारखंच.

कार्ड पुसायचं नाही म्हटल्यावर कार्डं जास्त लागणार. तुमचं १२८ जीबीचं एक पुरणार नाही. ६४ जीबीची तीन नवीन घ्या आणि १२८ वालं जादा म्हणून ठेवा. एका ६४ च्या कार्डात तुमचे साधारण चार दिवस मावतात. २५६ चं एकच का नको? कारण एक कार्ड दगावलं तर बारा दिवस एकदम जातील, ६४ चं गेलं तर चार. याहून लहान घेऊ नका. सारखी बदलाबदल करताना थंडीत हातातून पडतात. कार्डावर यू३ किंवा व्ही३० ही वेगाची खूण लिहिलेली हवी, नाहीतर फोरके चित्रण मध्येच थांबतं. आणि पूर्ण आकाराचंच कार्ड घ्या. अ‍ॅडॉप्टरमध्ये घातलेलं मायक्रो कार्ड चालतं खरं, पण जोडणीची एक जागा वाढते आणि बिघाडाचीही.

खरेदी फोर्टातल्या बोरा बाजारच्या कॅमेरा दुकानांतून किंवा लॅमिंग्टन रोडवरून करा, पक्कं बिल घेऊन. स्टेशनबाहेर, पुलावर मिळणारं स्वस्त कार्ड नको. नकली कार्डात १६ जीबीची चिप असते आणि ती स्वतःला ६४ म्हणवते. सोळा भरेपर्यंत सगळं सुरळीत. त्यानंतर कॅमेरा फोटो काढत राहतो, मोजणी वाढत राहते, आणि आत काहीच लिहिलं जात नाही किंवा जुन्यावर नवं लिहिलं जातं. घरी आल्यावर फोटोंची छोटी चित्रं दिसतात पण उघडत नाहीत. कॉम्प्युटरशिवाय हे ओळखायचं असेल तर नवीन कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करा आणि व्हिडिओ काढून पूर्ण भरा. ६४ जीबीला दीड तास लागतो आणि कॅमेरा तापतो, म्हणून दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत करा. मग पहिला, मधला आणि शेवटचा तुकडा चालवून बघा. तिन्ही नीट चालले तर कार्ड खरं. पुन्हा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून डबीत ठेवा. वेळखाऊ काम आहे, पण तिन्ही कार्डांचं कराच.

दुसरी वस्तू म्हणजे पोर्टेबल एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारा खिशातला ड्राइव्ह, १ टीबीचा. दुकानदार त्याच पैशांत दुप्पट जागेची हार्ड डिस्क दाखवेल. ती लडाखला न्यायची नाही. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर वाचणारं डोकं हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगतं. हवा विरळ झाली की तो थर कमी पडतो आणि डोकं तबकडीला घासू शकतं. म्हणून बहुतेक हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात ती चालवण्याची कमाल उंची साधारण ३,००० मीटर दिलेली असते. लेह आहे ३,५०० मीटरच्या आसपास, पँगाँग ४,२०० च्या वर, खारदुंग ला ही खिंड ५,३५९. शिवाय तबकडी फिरवायला लागणारा करंट पुष्कळ फोनांना देता येत नाही. डिस्क टकटक करते आणि बंद पडते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. उंचीची अडचण नाही, धक्क्यांचीही फारशी नाही. एसएसडीसोबत येणारं पासवर्डचं सॉफ्टवेअर मात्र वापरू नका. कुलूप लावलेला ड्राइव्ह फोनवर उघडताना नसती झंझट होते.

आता कार्ड आणि एसएसडी फोनला जोडायचे कशाने? सी पिनचा हब लागेल, म्हणजे फोनच्या एका तोंडाची अनेक तोंडं करणारा जोड. त्यात तीन गोष्टी हव्यात: एसडी कार्डाची खाच, ड्राइव्हसाठी साधं चौकोनी यूएसबी तोंड, आणि चार्जर लावायला पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेलं सी तोंड. स्वस्त हबांत हे पीडीचं तोंड फक्त वीज घेतं. त्यात एसएसडी लावला तर दिवा लागतो पण फोनवर ड्राइव्ह दिसत नाही, आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो. म्हणून एसएसडी चौकोनी तोंडातच लावा, तशी केबल सोबत नसेल तर वेगळी घ्या. हबाला स्वतःची वीतभर वायर असलेली बरी. फोनच्या जाड कव्हरमुळे आखूड टोक पूर्ण आत जात नाही आणि कॉपी मध्येच तुटते.

हबाला वीज भिंतीतून देऊ नका, पॉवर बँकेतून द्या. त्यामागे ठोस कारण आहे. कॉपी चालू असताना हबाची वीज गेली किंवा आली की फोन आणि हब नव्याने जुळणी करतात, त्या क्षणात कार्ड आणि एसएसडी दोन्ही सुटतात आणि चालू असलेली फाइल अर्धवट राहते. लडाखच्या कॅम्पांत वीज बऱ्याचदा ठरावीक तासच असते, जनरेटर कधी बंद होईल सांगता येत नाही. पॉवर बँक सी तोंडातून पीडी देणारी, १०,००० किंवा २०,००० एमएएचची घ्या. २०,००० म्हणजे ७४ वॉट-अवर, विमानातल्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेत बसते. मात्र ती हातातल्या बॅगेतच न्यायची, चेक-इन सामानात चालत नाही.

विकत घेताना फोन, कॅमेऱ्याचं कार्ड आणि एसएसडी घेऊन दुकानात जा आणि काउंटरवरच जोडून बघा. फोनवर दोन्ही ड्राइव्ह दिसले पाहिजेत. न दिसण्याची कारणं दोनच असतात बहुधा. पहिलं, ओटीजी, म्हणजे फोनला बाहेरचा ड्राइव्ह जोडण्याची सोय, बंद आहे. ओप्पो, रिअलमी, वनप्लस अशा फोनांत ते सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आणि दहा मिनिटं वापर नसला की आपोआप बंद होतं. रोज रात्री पहिलं काम तेच. दुसरं कारण फॉरमॅटचं, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचं. ६४ जीबीचं कार्ड आणि बहुतेक एसएसडी एक्सफॅट पद्धतीचे असतात. काही जुन्या अँड्रॉइड फोनांना एक्सफॅट वाचता येत नाही. तेव्हा फोन सूचना देतो, "ड्राइव्हमध्ये अडचण आहे, सेट अप करण्यासाठी टॅप करा". हे टॅप म्हणजे फॉरमॅट, सगळं पुसलं जाणं. कार्डावर फोटो असताना ही सूचना आली तर बोट लावायचं नाही, सरळ कार्ड काढून घ्यायचं. कोऱ्या एसएसडीवरसुद्धा फोनला फॉरमॅट करू देऊ नका. तो बऱ्याचदा फॅट३२ करतो, आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. तुमचा साडेपाच मिनिटांहून लांब फोरके व्हिडिओ तिथेच अडेल. तुमचा फोन एक्सफॅट वाचत नसेल तर हे मुलुंडला असतानाच कळायला हवं, नुब्रा खोऱ्यातल्या तंबूत नाही.

सी पिन आहे म्हणजे फोन वेगवान, असं नसतं. मधल्या किमतीच्या पुष्कळ फोनांत तोंड सीचं पण आत यूएसबी २ असतं, सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास. यूएसबी ३ असेल तर कार्डाच्या वेगाने, ८०-९० एमबीने. १४ जीबीला पहिल्यात सात मिनिटं, दुसऱ्यात तीन. दोन्ही चालतं. वेग माहीत असला की "अडकलं वाटतं" म्हणून मध्येच वायर ओढण्याचा मोह होत नाही.

आता रात्रीचं काम. कार्ड कॅमेऱ्यातून काढलं की त्याच्या डाव्या कडेची छोटी पट्टी खाली, लॉककडे सरकवा. आता फोन त्यातून वाचू शकतो, पुसू किंवा लिहू शकत नाही. नखाएवढी पट्टी, पण दमलेल्या रात्री हीच तुम्हाला वाचवते. हबात कार्ड आणि एसएसडी लावा, पॉवर बँक जोडा, मग हब फोनला. फोनचं फाइल मॅनेजर उघडा, दोन ड्राइव्ह दिसतील. एसएसडीवर नवीन फोल्डर करा आणि नावात आधी तारीख, मग कार्डाचा नंबर, मग गाव घाला: "०९-१४ कार्ड२ पँगाँग". कार्डांवर परमनंट मार्करने १, २, ३ लिहून ठेवलं की गोंधळ होत नाही. मग कार्डावर जा, सगळं निवडा, कॉपी करा आणि त्या फोल्डरमध्ये पेस्ट करा. कॉपी आणि मूव्ह शेजारी-शेजारी असतात. मूव्ह म्हणजे कार्डावरून गेलं. पट्टी लॉकवर असेल तर मूव्ह होणारच नाही, म्हणून ती आधी.

सगळं निवडा म्हटलं ते मुद्दाम. बहुतेक लोक फक्त डीसीआयएम फोल्डर उचलतात. सोनीच्या कॅमेऱ्यात तिथे फक्त फोटो असतात. व्हिडिओ असतात प्रायव्हेट, मग एम४रूट, मग क्लिप या फोल्डरांत. घरी आल्यावर व्हिडिओ एकही नाही म्हणून डोक्याला हात लावण्याची वेळ त्यामुळेच येते.

पुढचा प्रश्न तुम्हाला दुसऱ्याच रात्री पडेल: कार्डावर कालचेही फोटो आहेत, ते पुन्हा कॉपी करायचे का? आमचं मत, हो, रोज पूर्ण कार्ड नव्या फोल्डरमध्ये. चौथ्या रात्री ५६ जीबी होतील, यूएसबी २ वर सत्तावीस मिनिटं लागतील. तीन कार्डांचे मिळून एसएसडीवर ४२० जीबी भरतील, १ टीबी म्हणूनच सांगितला. याने जागा वाया जाते हे खरं. पण तेराशे किलोमीटर फिरून आल्यावर "आजचे कुठून सुरू झाले" हे निवडताना चूक होतेच, आणि ती चूक तेव्हा दिसत नाही. पूर्ण कार्ड घेतलं की निवडायचंच काही उरत नाही. वर, काल एखादी फाइल अर्धवट उतरली असेल तर आज ती धड उतरते. ५०० जीबीचाच एसएसडी घ्यावा लागला तर कॅमेऱ्याच्या मेनूत फोल्डर नेम हा पर्याय डेट फॉर्मवर करा; रोज वेगळं फोल्डर बनेल आणि तेवढंच उचलता येईल. व्हिडिओंना मात्र ही सोय लागू नाही, क्लिप फोल्डर रोज पूर्ण घ्यावं लागेल.

वेगळं फोल्डर कशासाठी, तेही सांगतो. कॅमेरा फाइलला ०९९९९ पर्यंत नंबर देतो आणि मग पुन्हा ००००१ पासून सुरू करतो. दोन कार्डांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये टाकले आणि नावं जुळली, तर फोन विचारतो, बदलू का? झोपेच्या गुंगीत "हो" दाबलं की पहिला फोटो गेला. कधी असा प्रश्न दिसलाच तर थांबा; आपण चुकीच्या फोल्डरमध्ये आहोत हाच त्याचा अर्थ.

कॉपी चालू असताना फोन उशीवर नको, सपाट टेबलावर ठेवा, वायरींना हात लावू नका, पडदा बंद होऊ देऊ नका. संपली की तपासणी, तिला तीन मिनिटं लागतात. कार्डावरच्या आणि एसएसडीवरच्या फोल्डरची माहिती उघडून फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा. मग एसएसडीवरचा पहिला, मधला आणि शेवटचा जेपेग पूर्ण मोठा करून बघा. एखादा व्हिडिओ शेवटापर्यंत सरकवून चालवा. अर्धवट उतरलेला व्हिडिओ बऱ्याचदा उघडतच नाही, किंवा मध्येच थांबतो. छोट्या चित्रांवर विश्वास ठेवू नका. फोनने ती आधीच साठवलेली असू शकतात. सगळं जुळलं की आधी सूचनापट्टीतून इजेक्ट (ड्राइव्ह सुरक्षित काढण्याचा पर्याय) दाबा, मग वायर काढा. कॉपी शंभर टक्के दिसली तरी काही मजकूर फोनच्या स्मृतीत थांबलेला असतो, तो इजेक्टनंतरच लिहिला जातो. शून्य बाइटच्या फाइली निघतात त्या यामुळे.

कार्ड परत कॅमेऱ्यात घालताना पट्टी वर करायला विसरू नका, नाहीतर पहाटे कॅमेरा "कार्ड लॉक्ड" सांगेल. आणि कार्डावरचे नको असलेले फोटो फोनवरून पुसायच्या भानगडीत पडू नका. सोनीचे कॅमेरे कार्डावर फोटोंची एक यादी ठेवतात. बाहेरून फाइल काढली की ती यादी चुकते आणि कॅमेरा डेटाबेस दुरुस्त करायला सांगत बसतो.

यजमानांच्या आयफोन १३ ला लाइटनिंगचं तोंड आहे, त्यामुळे हा हब त्याला लागणार नाही. ॲपलचा लाइटनिंग ते यूएसबी ३ कॅमेरा अ‍ॅडॉप्टर लागेल. त्यात चार्जरसाठी वेगळं तोंड असतं. तिथून वीज दिली नाही तर "या उपकरणाला फार वीज लागते" असं सांगून फोन ड्राइव्ह नाकारतो. एक्सफॅट केलेला पेनड्राइव्ह पुरेसा आहे. एनटीएफएस असेल तर आयफोन त्यावर लिहीत नाही. फोटो निवडून शेअरमध्ये एक्स्पोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल निवडा, म्हणजे मूळ फोटो आणि लाइव्ह फोटोची हालचाल दोन्ही येतात. पडद्यावरचा कॉपीचा गोल पूर्ण भरेपर्यंत फाइल्स ॲप समोरच उघडं ठेवा, दुसऱ्या ॲपमध्ये गेलं की कॉपी थांबू शकते. भरल्यावर अर्धा मिनिट थांबून काढा. आयफोनमध्ये स्टोरेज ऑप्टिमाइझ चालू असेल तर मूळ फोटो फोनवर नसून आयक्लाउडमध्ये असतात आणि नेटवर्कशिवाय ते हाती लागत नाहीत. निघण्यापूर्वी सेटिंगमध्ये डाउनलोड अँड कीप ओरिजिनल्स करा, फोनात तेवढी जागा आहे ना ते बघून.

तुमच्या स्वतःच्या फोनने काढलेले फोटोही विसरू नका. डीसीआयएममधलं कॅमेरा फोल्डर त्याच एसएसडीवर, "फोन" नावाच्या फोल्डरमध्ये दर दोन दिवसांनी.

क्लाउड अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. रोजचे जिवाभावाचे वीस जेपेग कॅमेऱ्याच्या वायफायने फोनवर घ्या आणि लेहच्या हॉटेलात असाल तेव्हा चढवा. २०० एमबी होतात, ५ एमबीपीएसवर पाच-सहा मिनिटं. दोन्ही पिशव्या गेल्या तरी एवढे तरी उरतील. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये पाठवण्याचा आकार ओरिजिनल आहे ना बघा, कारण २ मेगापिक्सेलवर ठेवलेला असला तर फोनवर सुंदर दिसतं आणि छापायला गेलं की फुटतं. गूगल फोटोज अँड्रॉइडवर मुळात कॅमेरा फोल्डरचाच बॅकअप घेतं. ॲपने उतरवलेल्या फोटोंचं फोल्डर वेगळं चालू करावं लागतं. आणि गूगल फोटोजमधून फोटो डिलीट केला की तो फोनवरूनही जातो आणि क्लाउडवरूनही. फोनवर जागा करायची असेल तर फ्री अप स्पेस वापरा. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेले फोटो बॅकअपमध्ये धरू नका, व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं. मुलाला एखादा मूळ फोटो पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

ठेवायचं कुठे? भरलेली कार्डं कडक डबीत, तुमच्या खांद्यावरच्या पर्समध्ये. एसएसडी यजमानांच्या पाठपिशवीत. कॅमेऱ्याच्या बॅगेत दोन्हीपैकी काहीच नाही. चोरीला जाते ती पहिली तीच. विमानात दोन्ही हातातल्या सामानात. तपासणीच्या एक्स-रेने कार्डाला काही होत नाही, ती भीती फिल्मच्या काळची. पँगाँगला सप्टेंबरच्या रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पडते, तेव्हा बाहेरून उबदार खोलीत आल्यावर कॅमेरा आणि एसएसडी बंद झिपच्या पिशवीतच तासभर राहू द्या, नाहीतर आत दव धरतं. लेहमधल्या सायबर कॅफेत किंवा स्टुडिओत "तुमचं कार्ड द्या, कॉपी करून देतो" म्हणतील, देऊ नका. अगदी नाइलाज झाला तर पट्टी लॉक करून, आणि समोर उभं राहून.

निघण्याच्या दोन आठवडे आधी एका रविवारी दोघं राणीच्या बागेत किंवा मरीन ड्राइव्हला जा. पन्नास फोटो आणि दोन व्हिडिओ काढा, त्यातला एक सहा मिनिटांचा फोरके. घरी येऊन हे सगळं याच हबाने, याच फोनने, पॉवर बँकेवर करा. एकदा दिवे मालवून, फोनच्या उजेडात करा. जे अडायचं ते इथेच अडू दे; लॅमिंग्टन रोड लोकलने तासाभरावर आहे.

आणि तिकडे एखादं कार्ड कॅमेऱ्याने वाचलं नाही तर? बंद करा, कार्ड काढा, पुन्हा एकदाच घालून बघा. नाही चाललं तर पट्टी लॉक करून डबीत टाका, दुसरं कार्ड घ्या आणि पुढे चला. फॉरमॅट नाही, त्यावर एकही नवा फोटो नाही. चुकून डिलीट झालं तरी हाच नियम. फोटो पुसला म्हणजे बहुधा फक्त यादीतलं नाव पुसलं जातं, चित्र तिथेच असतं, नवीन काही लिहिलं जाईपर्यंत.

म्हणूनच ताई, हंपीचं कार्ड तुम्ही फॉरमॅट करू दिलं नाहीत ते फार बरं केलंत. ते वाया गेलं असं अजून समजू नका. आधी पट्टी लॉक करा. सोनेरी पट्ट्या कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसा आणि या नव्या हबात लावून बघा. पुष्कळदा कार्ड ठीक असतं, बिघडलेला असतो रीडर. फॉरमॅटची सूचना आली तर नाही म्हणा. कार्ड दिसतंय पण उघडत नाही, असं असेल तर पुतण्या, शेजारी, ज्याच्याकडे कॉम्प्युटर असेल त्याच्याकडे जा आणि फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवा. ते कार्डावरची मोडलेली यादी न बघता चित्रांच्या खुणा ओळखून एकेक फाइल उचलतं. उचललेले फोटो कार्डावर नाही, कॉम्प्युटरच्या डिस्कवर ठेवायला सांगा. नावं आणि फोल्डर जातील, सगळे एकाच ढिगात येतील, पण फोटोत तारीख असते, त्यावरून लावता येतील. ६४ जीबीच्या कार्डाला एखादा तास लागतो. कार्ड कुठेच दिसत नसेल, आकार शून्य दाखवत असेल, तर मात्र घरी प्रयोग नकोत; डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या, आणि खर्चाचा लेखी अंदाज हातात आल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. एकच शक्यता वाईट आहे: ते कार्ड नकली निघालं तर क्षमतेपुढचे फोटो मुळात लिहिलेच गेले नसतील. पण तसं असलं तरी सुरुवातीचे, म्हणजे हंपीच्या पहिल्या दिवसाचे, अजून त्यात असू शकतील.